वाचलेल्या पैशाला नाव द्या: ठाणे–नवी मुंबईतल्या पगारदार घरासाठी काटकसरीची पद्धत

वीजबिल चारशेने कमी आलं, भाजी घासाघीस करून घेतली, महिनाभर बाहेरचं खाणं टाळलं, तरी महिनाअखेर खात्यात नेहमीइतकेच पैसे दिसतात. बहुतेक घरांत काटकसर इथेच मोडते. वाचलेले चारशे त्याच खात्यात पडून राहतात आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कशात तरी जातात. कशात गेले हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून या लेखाचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी पैसे कशासाठी हवेत ते ठरवायचं, मग ते पगाराच्या दिवशीच बाजूला काढायचे आणि उरलेल्यात घर चालवण्यासाठी खर्च कुठे व कसा कमी करायचा ते शेवटी पाहायचं.

साहित्य फार लागत नाही. एक वही, मागच्या तीन महिन्यांची बँकेची आणि यूपीआयची विवरणं, विजेची गेल्या वर्षभराची बिलं आणि घरातल्या कमावत्या माणसांचा एकत्र बसण्याचा एक मोकळा रविवार.

ध्येय लिहिताना तीन आकडे

‘स्वतःचं घर घ्यायचंय’ ही इच्छा झाली. तिला आजची किंमत, तारीख आणि महिन्याचा हप्ता असे तीन आकडे जोडले की ती ध्येय होते. एका वेळी तीनपेक्षा जास्त ध्येयं धरू नका. पाच-सहा ठिकाणी पैसे विभागले की प्रत्येक ठिकाणी इतकी थोडी रक्कम जाते की दोन वर्षांनी कुठेच काही हललेलं दिसत नाही, आणि माणूस कंटाळून सगळंच सोडतो.

घराचंच उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू, कारण ठाण्यात सर्वांत जास्त चुकीचा हिशोब याचाच होतो. समजा, महापालिका हद्दीतला ६० लाखांचा जुना, पुनर्विक्रीचा फ्लॅट पाहिला आहे. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देऊ शकते, म्हणजे ४८ लाख. उरलेले १२ लाख तुमचे. बरेच जण इथेच थांबतात. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक घराच्या किमतीत धरत नाही. ठाण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. दलाली एक टक्का धरली तरी ६० हजार. सोसायटीचं हस्तांतर शुल्क जास्तीत जास्त २५ हजार. बेरीज १७ लाख ३५ हजार होते. रंग, नळ, वायरिंगची डागडुजी वेगळी. म्हणजे लिहायचा आकडा साडेसतरा लाख, बारा नव्हे.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, इथे ते ६० हजार होतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटी लागतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घराला जीएसटी नाही.

आता तारीख. सात वर्षांनी घ्यायचं असेल तर साडेसोळा हजारांच्या मासिक आवर्त ठेवीने (आरडी), साडेसहा टक्के व्याज धरून आणि व्याजावरचा कर सोडून, साडेसतरा लाख जमतात. पण सात वर्षं घर त्याच किमतीला थांबणार नाही. भाव वर्षाला ५ टक्के वाढले असं धरलं तर साडेसतराचे साडेचोवीस लाखांच्या वर जातात आणि हप्ता २३ हजारांच्या आसपास येतो. हा आकडा पाहून दचकायला होतं, पण तो आज कळलेला बरा. मग खरे पर्याय समोर येतात: मुदत वाढवायची, कळवा-दिव्याच्या किंवा कामोठे-पनवेलच्या बाजूला लहान घर पाहायचं, किंवा म्हाडाच्या कोकण मंडळाच्या आणि सिडकोच्या सोडतींत अर्ज करत राहायचं. सोडतीसाठी उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, प्राप्तिकर विवरणपत्र ही कागदं आधीच तयार ठेवा. अर्जाची मुदत चालू झाल्यावर सेतू केंद्रात धावाधाव केली तर अर्ज राहून जातो.

मुलांच्या शिक्षणाचं ध्येय याच रीतीने लिहायचं, फक्त वाढीचा दर जास्त धरायचा. खर्च वर्षाला १० टक्के वाढत असेल तर साधारण सात वर्षांत दुप्पट होतो. आज ६ लाखांचा अभ्यासक्रम चौदा वर्षांनी २४ लाखांच्या घरात जाईल. इतक्या लांबच्या ध्येयाला आवर्त ठेव पुरत नाही. महिना १००० रुपये १५ वर्षं भरले तर ७ टक्क्यांनी सुमारे ३ लाख १७ हजार होतात, १० टक्क्यांनी ४ लाख १८ हजार. हा एक लाखाचा फरक शेअर बाजारातल्या इंडेक्स फंडासारख्या (निर्देशांकातलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या) गोष्टीतून मिळू शकतो, पण तिथे एखादं वर्ष तोट्याचंही असतं. म्हणून ठोकताळा असा: तीन वर्षांच्या आत लागणारे पैसे बाजारात नकोत, आणि दहा वर्षांपलीकडचे सगळे ठेवीत नकोत.

खर्च पाहण्याची रीत

तीन महिन्यांच्या विवरणातली प्रत्येक ओळ चार रकान्यांत टाका: बांधील (भाडं किंवा हप्ता, मेंटेनन्स, फी, विमा), घरचालू (किराणा, भाजी, दूध, वीज, गॅस, प्रवास), वर्षातून येणारे, आणि सुटे. एटीएममधून काढलेली रोख ‘सुटे’मध्ये टाका. ती कशात गेली ते आठवत बसू नका.

घराचं गणित बिघडतं ते तिसऱ्या रकान्यात. जूनमध्ये शाळेचं साहित्य, ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीला गावी जाणं, दिवाळी, विम्याचा हप्ता, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग. यातलं काहीच अचानक येत नाही, तरी दर वर्षी ‘या महिन्यात जरा जास्तच झालं’ असं होतं आणि क्रेडिट कार्ड बाहेर येतं. नमुना म्हणून बेरीज करून पाहू: शाळा १८ हजार, गणपती १२, दिवाळी १५, आरोग्य विमा २२, दुचाकी ६, लग्नकार्यांचे आहेर ५. एकूण ७८ हजार, म्हणजे महिना साडेसहा हजार. हे पैसे पगारातून दर महिन्याला वेगळे निघाले पाहिजेत. इतकं एकच काम या लेखातून केलंत तरी वर्षभरातली अर्धी ओढाताण संपेल.

खाती आणि तारखा

तीन खाती पुरतात. पगाराचं खातं, घरखर्चाचं खातं (यूपीआय फक्त यालाच जोडायचं) आणि ध्येयांचं खातं, ज्याचं डेबिट कार्ड कपाटात राहील. पगार १ तारखेला होत असेल तर २ तारखेला पैसे आपोआप वळते होतील अशा सूचना बँकेत लावा: वर्षातून येणाऱ्या खर्चाचे साडेसहा हजार, ध्येयांचे हप्ते, मग घरखर्चाची ठरलेली रक्कम. पगार उशिरा होण्याची शक्यता असेल तर ४ तारीख धरा, नाहीतर सूचना परत जाते आणि बँक दंड लावते. पीपीएफ असेल तर मात्र ५ तारखेच्या आत रक्कम जमा झालीच पाहिजे. त्यात व्याज धरताना ५ तारीख ते महिनाअखेर यातली सर्वांत कमी शिल्लक धरतात. ६ तारखेला भरलेल्या पैशाचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. पीपीएफमध्ये वर्षाला किमान ५०० आणि कमाल दीड लाख भरता येतात, मुदत १५ वर्षं. मुलगी दहा वर्षांखालची असेल तर सुकन्या समृद्धी खात्यातही वर्षाला २५० ते दीड लाख भरता येतात. नवी करप्रणाली निवडली असेल तर यातल्या भरण्यावर ८०सी ची वजावट मिळत नाही, हे धरूनच निर्णय घ्या.

पैसे जाण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. पहिला एक महिन्याच्या खर्चाइतका हाताशी निधी. त्यानंतर क्रेडिट कार्डाची थकबाकी. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के असेल तर ४० हजारांवर १४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १६५२ रुपये महिन्याला नुसते उडतात. ‘किमान देय’ भरत राहिलं की दंड टळतो, पण व्याज चालूच राहतं. मग आरोग्य विमा आणि मुदतीचा (टर्म) विमा. त्यापुढे आपत्कालीन निधी तीन ते सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत वाढवायचा. खासगी नोकरीत एकटाच कमावता असेल तर सहाच धरा. हा निधी मोडता येणाऱ्या मुदत ठेवीत असावा.

ठेव कुठे, हा आपल्याकडे नाजूक प्रश्न आहे, कारण सहकारी बँक किंवा पतपेढी ओळखीची असते आणि व्याज थोडं जास्त देते. बँकेतली ठेव, सहकारी बँक धरून, व्याजासकट ५ लाखांपर्यंत ठेव विमा महामंडळाच्या संरक्षणाखाली असते. ही मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून. पतपेढीला हे संरक्षण नाही. म्हणून आपत्कालीन निधी पतपेढीत ठेवू नये, कितीही चांगली माणसं तिथे असली तरी. भिशीचंही तेच. सोसायटीतल्या दहा-बारा घरांची, चिठ्ठीने निघणारी भिशी बचतीची सवय लावते, पण त्यावर व्याज नसतं आणि कुणी मध्येच थांबलं तर हातात कागद नसतो. टीव्ही, फ्रिज, सहल यांसाठी भिशी ठीक आहे. लिलाव पद्धतीची, बोली लावून रक्कम कमी घेण्याची भिशी म्हणजे महाग कर्जच.

मोठ्या रकमेपासून कापा

काटकसर म्हटलं की लोक कोथिंबिरीपासून सुरू करतात. सुरुवात भाड्यापासून आणि प्रवासापासून करा, कारण तिथला एक निर्णय वर्षभर आपोआप वाचवत राहतो.

घर भाड्याने बघताना स्टेशनपासूनचं अंतर पैशात मोजा. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगर क्षेत्रात मीटरच्या रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. जाऊन-येऊन ५२, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १३०० रुपये. दोघं वेगवेगळ्या वेळेला निघत असतील तर २६००. म्हणजे घणसोली किंवा ऐरोलीत स्टेशनला चालत जाता येईल असं घर दोन हजारांनी महाग असलं तरी ते स्वस्त पडतं. घोडबंदर रोडवर भाडं कमी दिसलं तर तिथून ठाणे स्टेशनला गर्दीच्या वेळी पोहोचायला लागणारा वेळ एकदा सकाळी आठला स्वतः जाऊन मोजा, मगच सही करा. कामाची जागा रबाळे, महापे किंवा बेलापूरला असेल तर ट्रान्स-हार्बरच्या एखाद्या स्टेशनाजवळचं घर ठाणे पश्चिमेपेक्षा बहुतेकदा सरस ठरतं.

भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात बंधनकारक आहे, करार अकरा महिन्यांचा असला तरी. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवर धरलेल्या १० टक्के वार्षिक व्याजाच्या बेरजेवर ०.२५ टक्के. भाडं २० हजार, डिपॉझिट एक लाख असेल तर २ लाख ३० हजारांवर ५७५ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १०००. करार करून देणारा याहून बराच मोठा आकडा सांगत असेल तर उरलेली त्याची मजुरी आहे, आणि ती कमी करून मिळते. घरमालक तयार असेल तर करार २४ किंवा ३६ महिन्यांचा करा. दर अकरा महिन्यांची दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वाचतो.

लोकलचा तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट पडतो, वर्षाचा १०.८ पट. म्हणजे दहा टक्के सरळ सूट. आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला जाणाऱ्यांनी मात्र आधी सुट्या तिकिटांची बेरीज करून पाहावी. गावी जाताना एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत. खोपट किंवा वंदना स्थानकावरून घरातली आई, आजी, बहीण अशी मंडळी निघणार असतील तर खासगी बसशी तुलना करण्याचीही गरज नाही.

किराणा, धान्य, भाजी

आधी माप ठरवा. मापाशिवाय केलेली यादी दर महिन्याला फुगते. चौघांच्या घरात रोज पंधरा चपात्या होत असतील तर दिवसाला साधारण ४०० ग्रॅम पीठ, म्हणजे महिना १२ किलो गहू. तांदूळ ५ ते ६ किलो, सगळ्या डाळी मिळून ३ ते ४ किलो, तेल दोन ते सव्वादोन लिटर, साखर अडीच किलो. तुमचा आकडा याहून फार वेगळा येत असेल तर वाया जातंय की डब्यांत साठतंय, ते पाहा. तेल तीन लिटरच्या वर जात असेल तर तळण किती वेळा होतं ते मोजा. हा पैशाइतकाच तब्येतीचा प्रश्न आहे.

पाकिटावर किमतीबरोबर दर किलो किंवा दर लिटरची किंमत छापणं आता बंधनकारक आहे. अक्षर बारीक असतं, पण तुलना त्याचीच करायची. तेलात विशेष लक्ष द्या: एक लिटर तेल सुमारे ९१० ग्रॅम भरतं. शेजारीच ठेवलेली, तशीच दिसणारी पिशवी ८५० किंवा ७५० ग्रॅमची असू शकते आणि तेवढीच ‘स्वस्त’ दिसते. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं असंही नाही. साबण, चहा आणि बिस्किटांत लहान पाकिटं बऱ्याचदा कमी दराने मिळतात.

वर्षाचं धान्य भरायचं का? देशावर ही रीत चालते, ठाणे-वाशीत खाडीच्या दमट हवेत ती जपूनच करावी लागते. गहू एप्रिल-मेमध्ये, नवा आल्यावर, चार महिन्यांचा घ्या, वर्षाचा नको. आणल्यावर चाळून, गच्चीत दोन दिवस कडक उन्हं द्या, सावलीत पूर्ण गार होऊ द्या आणि मगच भरा. गरम धान्य डब्यात गेलं की आतून घाम सुटतो, कुबट वास येतो आणि सोंडे होतात. नेमकी हीच चूक सगळ्यांत जास्त होते. पत्र्याच्या कोठीत तळाशी आणि मध्ये सुकवलेला कडुनिंबाचा पाला घाला आणि कोठी फरशीवर न ठेवता लाकडी पाटावर ठेवा. तूरडाळीला १० किलोला ५० मिलीलिटर एरंडेल तेल तळहाताने चोळून लावा. वापरताना ती कोमट पाण्याने दोनदा धुवायची. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर खायच्या धान्यात घालू नका, जुनी पद्धत असली तरी. दळण एका वेळी १५ दिवसांचंच. पावसाळ्यात आठ दिवसांचं. रवा मंद आचेवर कोरडा भाजून ठेवला तर त्याला जाळी धरत नाही.

तुर्भ्याची बाजार समिती जवळ आहे म्हणून एकट्या घराने तिथे जाण्यात फारसा अर्थ नाही. तिथला व्यवहार गोणी आणि क्रेटचा. पाच-सहा घरं मिळून गेलात तर कांदा, बटाटा, लसूण, धान्य, सुकी मिरची आणि मसाल्याचं सामान यांत चांगला फरक पडतो. पालेभाजी आणि टोमॅटो आणू नका. क्रेटच्या तळाला दबलेला माल निघतो, वाटप होईपर्यंत संध्याकाळ होते आणि दोन दिवसांत चौथा हिस्सा टाकावा लागतो. टेम्पो किंवा रिक्षाचं भाडं आणि हमाली किलोमागे किती पडली ते वाटपाच्या कागदावर लिहा, म्हणजे खरा फायदा सगळ्यांना दिसेल.

कांदा मे महिन्यात घ्यावा. उन्हाळी कांदा टिकतो, खरिपाचा टिकत नाही. सप्टेंबरनंतर साठवणीचा माल संपत येतो आणि नवा यायचा असतो, तेव्हा भाव चढतात. चौघांना महिना ५ ते ६ किलो लागतो, म्हणून १५ ते १८ किलोच्या वर आणू नका; फ्लॅटमध्ये तेवढी हवेशीर जागा नसते. मान सुकलेला, टणक, पापुद्रा न सुटलेला कांदा निवडा. गोणपाटावर एका थरात किंवा जाळीच्या टोपलीत ठेवा, आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेला आधी वापरा. बटाटे त्याच्याजवळ ठेवू नका, त्यांना लवकर मोड येतात.

रोजच्या भाजीला ठाण्यात जांभळी नाका, नवी मुंबईत नोडमधली मंडई, आणि जिथे भरतो तिथे शेतकरी आठवडी बाजार. आठवड्यातून दोनदाच जा: एकदा टिकाऊ भाज्या (दुधी, भोपळा, कोबी, गाजर, सुरण), एकदा पालेभाज्या. पहिल्या दोन दिवसांत पाला संपवायचा, शेवटच्या दोन दिवसांत कडधान्य आणि भोपळा. आठवड्याची भाजी ठरवून कागदावर लिहून फ्रिजला लावली की ‘आज काय करू’ म्हणून मागवलेलं बाहेरचं जेवण कमी होतं. मटकी-मूग भिजत घालण्याची आठवण त्याच कागदावर लिहा. जुलै-ऑगस्टमध्ये कोथिंबिरीची जुडी महाग आणि चिखलाची मिळते. त्या काळात कढीपत्ता आणि सुकं खोबरं यांच्यावर वाटणं करावीत.

वीज आणि गॅस

महावितरणचे घरगुती टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात आणि पुढच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. म्हणून वाचवलेलं प्रत्येक युनिट तुमच्या बिलातलं सर्वांत महाग युनिट असतं. ३४० युनिट वापरणाऱ्या घराने ४० युनिट कमी केली तर बिल नुसतं बारा टक्क्यांनी नाही, त्याहून जास्त उतरतं.

सर्वांत सोपी जागा पंखे आहेत. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. फरक ४५ वॅट; रोज १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट. शेवटच्या टप्प्याचा दर सगळे आकार धरून १४ रुपये पडत असेल तर एका पंख्यामागे सव्वादोनशे रुपये. तीन हजारांचा पंखा दीड वर्षाच्या आत वसूल होतो. सगळे एकदम बदलू नका. बेडरूमचा आधी, कारण तो सर्वांत जास्त तास चालतो. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून काही वाचत नाही.

गीझरचं तापमान ६० वरून ४५ वर आणा. १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० पर्यंत तापवायला ०.६१ युनिट लागतं, ४५ पर्यंत ०.३५. आपल्याकडे पाणी मुळात फार गार नसतं. ६० पर्यंत तापवून पुन्हा गार पाणी मिसळण्यात वीज जाते. एसी २४ ऐवजी २६ वर आणि सोबत पंखा. एका अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. जाळी पंधरा दिवसांनी धुवा. बिलावर अंतिम तारखेच्या आधीची एक तारीख छापलेली असते, तोवर भरलं तर थोडी सूट मिळते.

गॅसची ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं तुंबली आहेत. बर्नर उकळत्या पाण्यात सोडा घालून भिजवा आणि टाचणीने भोकं मोकळी करा. डाळ अर्धा तास, राजमा-छोले रात्रभर भिजवा. कुकरला पहिली शिट्टी झाली की आच बारीक. भात, डाळ आणि बटाटे एकाच कुकरमध्ये लावण्याची आपली पद्धत मोडू नका, गॅस वाचवण्यात तिला तोड नाही.

जिथे हात आखडू नये

औषधात काटकसर करायची ती नाव बदलून, गोळी चुकवून नव्हे. रक्तदाब-मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचं मूळ औषध आणि मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रात विचारा. मात्रा तीच आहे का, गोळी हळूहळू विरघळणारी आहे की साधी, हे तपासा. इथेच घोळ होतो.

आरोग्य विम्यात हप्ता कमी म्हणून खोलीभाड्याची मर्यादा असलेली पॉलिसी घेतली जाते. मर्यादा दिवसाला ५ हजार आणि खोली घेतली १० हजारांची, तर नुसत्या खोलीचे पैसे कापले जात नाहीत, डॉक्टर आणि शस्त्रक्रियेसह बहुतेक बिल त्याच प्रमाणात, म्हणजे निम्म्यावर येतं. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला आहे, तेव्हा वाचलेली रक्कम विम्याची मर्यादा वाढवायला वापरा. घरात ७० वर्षांपुढचं कुणी असेल तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा (अपघाताचा) आणि ४३६ रुपयांचा जीवन ज्योती विमा (आयुर्विमा) बँकेत एका अर्जावर मिळतो, प्रत्येकी २ लाखांचा. हे मुदतीच्या विम्याची जागा घेत नाहीत, पण नसण्यापेक्षा पुष्कळ बरे.

हेल्मेट, वायरिंग, गॅसची नळी, मुलांचं दूध आणि फळं, रोज चालणाऱ्याचे बूट यांत स्वस्त शोधू नका. करमणुकीचं मात्र ठाणेकरांना बरंच फुकटात किंवा थोडक्यात मिळतं. १८९३ साली सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, उपवन आणि तलावपाळी आहेत, थंडीत ऐरोली-सीवूड्सकडे रोहित पक्षी येतात. मुलांना महिन्यातून एक नाटक दाखवायचं असेल तर त्यासाठी वेगळे पैसे काढून ठेवा आणि ते मोकळ्या मनाने खर्च करा.

महिन्याचा आढावा

पहिल्या रविवारी अर्धा तास पुरे. चार रकान्यांच्या बेरजा, ध्येयांच्या खात्यातली शिल्लक, आणि मागच्या महिन्यात वाचलेली रक्कम. वीजबिल चारशेने कमी आलं असेल तर ते चारशे त्याच बैठकीत, मोबाइलवरून, ध्येयाच्या खात्यात हलवा. नवरा-बायको दोघांना आणि मोठ्या मुलांना थोडी हिशोब न विचारण्याची रक्कम द्या. ती नसेल तर लपवून खर्च सुरू होतो आणि वहीतले आकडे खोटे पडतात. पगारवाढ झाली की वाढीतला निम्मा भाग पहिल्याच महिन्यात ध्येयांच्या सूचनेत मिळवा. दोन महिने थांबलात तर तो खर्चात मुरतो. गृहकर्ज चालू असेल तर वर्षाला एक जादा हप्ता भरा. साडेआठ टक्क्यांच्या २० वर्षांच्या कर्जात त्याने सुमारे साडेतीन वर्षं कमी होतात, आणि बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व भरण्याचा दंड लागत नाही.

एखादा महिना वाईट येतोच. पगार अडकतो, आजारपण निघतं. तेव्हा सूचना थांबवण्याचा क्रम आधीच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा: आधी सहलीचं किंवा वस्तूचं ध्येय, मग घराचा हप्ता, त्यानंतर लांबच्या मुदतीचा फंड. पीपीएफ आणि सुकन्येत त्या वर्षाचा किमान भरणा झालेला असेल तर तेही थांबवता येतात. विम्याचा हप्ता आणि वर्षातून येणाऱ्या खर्चाचे साडेसहा हजार शेवटपर्यंत चालू ठेवायचे. थांबवलेल्या प्रत्येक सूचनेपुढे ती पुन्हा सुरू करण्याची तारीख त्याच वेळी लिहायची आणि मोबाइलमध्ये गजर लावायचा.